बॉक्स स्कोर वाचायचा कसा, ९३-८९ ची ती मॅच समोर ठेवून

क्रिकेटचं स्कोअरकार्ड आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कुणी ४० रन म्हणालं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, किती बॉलमधे? पण हीच माणसं एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायला लागली की बॉक्स स्कोर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, उघडून थेट पॉइंट्सच्या कॉलमवर जातात, ज्याचे जास्त तो हिरो, विषय संपला. मीपण बरीच वर्षं हेच करायचो. एकतर्फी मॅचमधे चालून जातं ते, पण चार-पाच पॉइंटने गेलेली मॅच असेल तर तो कॉलम चक्क फसवतो.

उदाहरणाला २०१६ च्या फायनल्सची (आधी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन) सातवी मॅच घेऊ. १९ जून, ओकलंड, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स, आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू झालेली, त्यामुळे बऱ्याच जणांनी अर्धी घरी आणि अर्धी ऑफिसला जाताना मोबाईलवर बघितली असणार. वॉरियर्स त्या सीझनमधे ७३ मॅच जिंकून आलेले, फायनल्समधे ३-१ ने पुढे होते, तिथून ३-३ झालं आणि शेवटी कॅव्ज ९३, वॉरियर्स ८९. बॉक्स स्कोर नेटवर कुठेही मिळेल, शेजारी उघडून ठेवा.

पहिलं काम म्हणजे वरची नावं सोडा आणि सरळ तळाला जा, टीमच्या टोटलच्या ओळीत. कॅव्ज ३३-८२, ६-२५, २१-२५. वॉरियर्स ३२-८३, १५-४१, १०-१३. पहिली जोडी फ्री थ्रो सोडून सगळे शॉट, किती गेले आणि किती मारले, दुसरी त्यातले फक्त थ्री (लांबून मारलेले, तीन पॉइंटचे), तिसरी फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाइनवरून मारायचे, एका पॉइंटचे). इथे नवीन माणूस हमखास गंडतो, कारण पहिल्या जोडीत थ्री आधीच धरलेले असतात. मी एकदा तेहेतीस दुणे सहासष्ट, सहा त्रिक अठरा, वर २१ असं करत १०५ काढले होते आणि वेबसाइटच चुकलीय म्हणून मित्राशी तावातावाने भांडत होतो. तर ३३ मधून ६ काढायचे, राहिले २७, सत्तावीस दुणे चोपन्न, सहा त्रिक अठरा, वर २१, झाले ९३. वॉरियर्सचं सतरा दुणे चौतीस, पंधरा त्रिक पंचेचाळीस, वर १०, झाले ८९. टॅली.

आता हेच आकडे समोरासमोर ठेवा. थ्रीमधे वॉरियर्स २७ ने पुढे, साध्या बास्केटमधे कॅव्ज २० ने पुढे, फ्री थ्रोवर कॅव्ज ११ ने पुढे. वीस आणि अकरा एकतीस, त्यातून सत्तावीस गेले, उरले चार. मॅच चारनेच गेली ना? एकाही प्लेयरचं नाव न बघता कळलं की कॅव्ज आत घुसून आणि लाइनवर उभं राहून जिंकले, लांबून मारून नाही (२५ मधे ६ म्हणजे बेकारच होतं). क्लोज मॅचमधे फ्री थ्रोची जोडी सगळ्यात आधी बघायची हे मी या मॅचवरूनच शिकलो.

मग वर या, प्लेयर्सकडे. सगळ्यात भारी ओळ कुणाची? हरलेल्या टीमच्या ड्रेमंड ग्रीनची. ३२ पॉइंट, १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), ९ असिस्ट (ज्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली), शॉट ११-१५, थ्री ६-८. शेजारीच स्टीफ करी, १७ पॉइंट, ६-१९, थ्री ४-१४, आणि क्ले थॉम्पसन १४ पॉइंट, थ्री २-१०. म्हणजे ज्या दोघांच्या थ्रीवर ती टीम उभी होती त्यांनी मिळून २४ मधे ६ घातले आणि ज्याच्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही त्याने ८ मधे ६. ४१ मधे १५ हा टोटल तळाला बरा दिसतो, पण ग्रीन बाजूला काढला तर ३३ मधे ९ राहतात. टोटल बघून झाला की तो असा फोडायचा, नाहीतर एकाच्या पराक्रमाखाली बाकीच्यांचं अपयश झाकलं जातं.

क्रिकेटच्या स्ट्राइक रेटसारखं काही हवं असेल तर ट्रू शूटिंग काढा. प्लेयरने मारलेले फ्री थ्रो गुणिले ०.४४, त्यात त्याचे एकूण शॉट मिळवा, त्याची दुप्पट करा आणि त्या आकड्याने पॉइंट्सना भागा. पूर्ण अर्धा न धरता ०.४४ का, तर प्रत्येक दोन फ्री थ्रोमागे एक पझेशन (टीमकडे बॉल असण्याची एक पाळी) खर्च झालेलं नसतं, बास्केट झाल्यावर फाउलचा एक जादाचा मिळतो तोही त्यात असतो, टेक्निकलचाही असतो. ग्रीनचं येतं जवळपास ९५ टक्के, कॅव्जच्या कायरी अर्व्हिंगचं साडेबावन्न, त्यांच्याच लेब्रॉनचं साडेसत्तेचाळीस, करीचं ४४ च्या आतबाहेर. पन्नास-पंचावन्नच्या वर असेल तर ठीक समजायचं.

म्हणजे लेब्रॉन जेम्सचा दिवस शूटिंगच्या हिशोबाने खराबच होता, ९-२४, वर ५ टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले बॉल). पण त्याची ओळ शेवटपर्यंत वाचा की, २७ पॉइंट, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, ३ ब्लॉक (अडवलेले शॉट), २ स्टील (हिसकावलेले बॉल), ४८ पैकी ४७ मिनिटं कोर्टवर. फायनल्सच्या सातव्या मॅचमधे ट्रिपल-डबल (तीन कॉलममधे दहा किंवा जास्त) त्याच्याआधी फक्त दोघांचा, जेरी वेस्ट १९६९ आणि जेम्स वर्दी १९८८. असिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले पॉइंट असतात, त्यामुळे नुसतं २७ बघून त्याला मोजणं बरोबर नाही. कायरीचे २६ पॉइंट आणि असिस्ट फक्त १, म्हणजे त्याचं काम वेगळं होतं, बॉल घ्यायचा आणि समोरच्याला हरवून टाकायचा.

शेवटचा कॉलम प्लस-मायनस, यावर लोक फार वाद घालतात. प्लेयर कोर्टवर असताना टीम कितीने पुढे गेली किंवा मागे पडली, एवढंच. कायम पाच जण आत असल्यामुळे सगळ्या टीमची बेरीज फरकाच्या पाचपट येते, इथे कॅव्जची २० यायला हवी, मोजून बघा. त्यात एकट्या केव्हिन लव्हचे प्लस १९. पॉइंट फक्त ९, शॉट ३-९, पॉइंट्सच्या कॉलमवरून तो फ्लॉपच. मग शेजारी बघितलं तर १४ रिबाउंड. एका मॅचच्या प्लस-मायनसवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण असा विचित्र आकडा दिसला की तिथे काहीतरी आहे एवढं समजून शोधायला लागा.

आणि जे बॉक्स स्कोरमधे नसतंच ते म्हणजे वेळ. त्यासाठी प्ले-बाय-प्ले (मॅचमधल्या प्रत्येक घटनेची वेळेनुसार नोंद) उघडा आणि शेवटून वाचा. ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी असताना क्लेने लेअप (बास्केटच्या अगदी जवळून टाकलेला शॉट) टाकला, ८९-८९. त्यानंतर वॉरियर्सचा एकही पॉइंट नाही, एकही. दोन मिनिटांच्या आत असताना लेब्रॉनने मागून धावत येऊन वॉरियर्सच्या इग्वोडालाचा लेअप बोर्डवर दाबला, बॉक्स स्कोरमधे तो ३ ब्लॉकमधला एक, बाकी दोघांइतकाच. ५३ सेकंदांवर करीसमोर कायरीचा थ्री, बॉक्स स्कोरमधे तो त्याच्या थ्रीच्या २-४ मधला एक. पुढच्याच पझेशनला लव्ह करीसमोर अडकला, सगळ्यांना वाटलं आता गेलं, पण त्याने करीला काही केल्या सुटू दिलं नाही आणि थ्री चुकला. लव्हच्या ओळीत याचं काहीच नाही, फक्त करीच्या १४ मधे एकाची भर.

मग १०.६ सेकंद बाकी असताना लेब्रॉन डंक मारायला गेला, ग्रीनने फाउल केला, हा मनगट धरून पडला आणि उठून लाइनवर आला. पहिला चुकला. ९२-८९ वर वॉरियर्सना बरोबरीला एक थ्री पुरला असता, आणि हातात दहा सेकंद होते. दुसरा गेला, ९३. बॉक्स स्कोरमधे त्याचे फ्री थ्रो ८-१०, हे दोन्ही त्याच दहातले.