बेंगाल मांजर घ्यायचंय? आधी खिडक्यांना जाळी लावा

रील्समध्ये ते बिबट्यासारख्या ठिपक्यांचं मांजर बघून "हेच पाहिजे" असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. दिसायला भारीच आहे, वादच नाही, पण सकाळी आठला घर बंद करून रात्री आठला येणार असाल तर प्लीज नका घेऊ.

ही जात माणसाने तयार केलीय. बिबट मांजर म्हणून एक छोटं जंगली मांजर आशियात असतं, आपल्या सह्याद्रीतही आहे, त्याचा घरच्या मांजराशी संकर. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ च्या सुमाराला असं पहिलं पिल्लू मिळवलं, मग बरीच वर्षं गॅप पडली, आणि १९८० च्या आसपास कॅलिफोर्नियात डॉ. विलार्ड सेंटरवॉल मांजरांच्या ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी असेच संकर करत होते, त्यांच्याकडच्या मांजरी घेऊन बाईंनी परत सुरुवात केली. यात आपल्याकडचाही एक वाटेकरी आहे बरं का, दिल्लीच्या झूमध्ये गेंड्याच्या आवारात फिरणारा एक केशरी ठिपक्यांचा बोका त्यांनी तिकडे नेला आणि ब्रीडिंगला वापरला. १९८६ मध्ये टिका या मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जातीची नोंद घेतली.

आता घेताना काय बघायचं. जंगली पूर्वजापासून किमान चार पिढ्या लांबचं पिल्लू घ्या, एफ१, एफ२ (म्हणजे पहिली, दुसरी पिढी) वगैरेंच्या नादी लागू नका, ती बुजरी असतात आणि घरात सांभाळणं आपलं काम नाही. आईबाबांची पीआरए (यात हळूहळू नजर जाते) आणि पीके डेफिशियन्सीची (यात रक्त कमी होतं) डीएनए टेस्ट झालीय का विचारा, हृदयाची इको केलीय का तेही विचारा, ब्रीडर टाळाटाळ करत असेल तर उठून या. एक-दीड महिन्यानंतर पिल्लांच्या अंगावर भुरकट केस येतात आणि ठिपके फिके दिसतात, ते नॉर्मल आहे, पुढे साफ होतं. तीन महिन्यांच्या आत पिल्लू आणू नका.

आणि हो, उसाच्या फडात सापडलेलं ठिपक्यांचं पिल्लू "बेंगाल आहे" म्हणून कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका!! ते वन्य प्राण्याचं असू शकतं, पाळणं गुन्हा आहे, वनविभागाला फोन करा. पिल्लू जागेवरच ठेवलं तर बऱ्याचदा आई येऊन घेऊन जाते.

घरी आणल्यावर खरा खेळ सुरू. हे मांजर नुसतं लोळत नाही, ते फ्रिजवर चढतं, तिथून कपाटावर, कपाटाचं दार उघडायला शिकतं, नळ चालू दिसला की पंजा घालून बसतं, आणि कंटाळलं की मोठमोठ्याने ओरडतं. म्हणून भिंतीला उंच फळ्या, एक मजबूत कॅट ट्री, आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं पिसाच्या काठीने दमवणं हे मस्ट. बाल्कनी आणि सगळ्या खिडक्यांना जाळी, मच्छरदाणीवाली नको, ती फाडतात, तारेची किंवा चांगली नायलॉनची.

खाण्यात मांस जास्त पाहिजे. नुसतं उकडलेलं चिकन देत राहिलात तर टॉरिन (मांजराला लागतंच असं पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं, सो चांगलं कॅट फूड मुख्य आणि चिकन वरून. दूध नको, कांदा-लसूण घातलेलं तर अजिबातच नको. केस आखूड असतात, आठवड्यातून एकदा ब्रश बास. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस वेळेवर, आणि पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून टाका, नाहीतर बोका पडद्यांवर फवारे मारत बसेल.

औषधांचं मात्र लक्षात ठेवा. घरातली क्रोसिन दिली तर मांजर जीवानिशी जातं, आणि कुत्र्यांचे गोचिडीचे जे ड्रॉप्स मिळतात त्यात परमेथ्रिन असेल तर तेही मांजराला विषच, त्यामुळे व्हेटला विचारल्याशिवाय काहीही लावायचं नाही.