'तेनेर' चालवताना या चुका टाळा

स्पॅनिश शिकायला घेतलं की 'तेनेर' लगेचच समोर येतं. जवळ असणं, मालकीचं असणं असा याचा अर्थ. वर्तमानकाळातली रूपं सहाच: तेंगो (मी), त्येनेस (तू), त्येने (तो/ती), तेनेमोस (आम्ही), तेनेइस (तुम्ही), त्येनेन (ते). शाळेत संस्कृतचे धातू चालवलेल्यांना ही एका बैठकीत पाठ होतात. तरी बोलताना गाडी अडते, कारण मराठीत या अर्थाचं वेगळं क्रियापदच नाही. 'मला दोन भाऊ आहेत' यातलं 'आहेत' भावांकडे बघून येतं. स्पॅनिशमध्ये मात्र ज्याच्याकडे ती गोष्ट आहे तो कर्ता, आणि क्रियापद फक्त त्याच्याकडे बघतं. भाऊ दोन असोत की दहा, मी एकटाच बोलत असेन तर 'तेंगो दोस एर्मानोस'. भाऊ अनेक म्हणून 'त्येनेन' म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या भावांबद्दल बोलताय.

याच सवयीतून 'मला'चं भाषांतर करून 'आ मी तेंगो' म्हटलं जातं. तो 'आ मी' काढून टाका. गोंधळ वाढतो तो 'गुस्तार'मुळे, कारण ते अगदी मराठीसारखं चालतं: मला आंबे आवडतात, 'मे गुस्तान लोस मांगोस'. तिथे क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं. ही दोन क्रियापदं एकाच आठवड्यात शिकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी तेनेर पक्कं करा.

दुसरी चूक आदराची. आपण 'बाबा येतात', 'सर सांगतात' म्हणतो, म्हणून 'मी पाद्रे त्येनेन' तोंडात येतं ('मी पाद्रे' म्हणजे माझे वडील). स्पॅनिशमध्ये आदरासाठी अनेकवचन करत नाहीत. वडील एक, म्हणून 'मी पाद्रे त्येने'. समोरच्या मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणायचं आणि रूप तृतीयपुरुषी एकवचनी ठेवायचं: 'उस्तेद त्येने'. उस्तेद हे 'वुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या आदरार्थी संबोधनावरून आलंय. 'साहेबांनी चहा घेतला का?' असं साहेबांनाच विचारावं, तशी ती रचना आहे. म्हणून समोरच्याशी बोलतानाही रूप 'तो/ती'चं. समोरच्यांसाठी 'त्येनेन' हे एकापेक्षा जास्त माणसं असतील तेव्हाच, म्हणजे 'उस्तेदेस'सोबत. लॅटिन अमेरिकेत मित्रांच्या घोळक्यालाही उस्तेदेसच म्हणतात. 'तेनेइस' मुख्यतः स्पेनमध्ये ऐकू येतं.

मुलींकडून होणारी एक चूक फार स्वाभाविक आहे. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' वेगळं, शिवाय स्पॅनिश नामांत 'चिको' मुलगा आणि 'चिका' मुलगी. मग 'तेंगो' पुल्लिंगी वाटतं आणि 'तेंगा' म्हटलं जातं. पण क्रियापदाच्या या रूपांना लिंग नसतं. बाई असो वा पुरुष, 'तेंगो'च. 'तेंगा' हेही रूप आहे, पण त्याचं काम वेगळं: दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवताना 'तेंगा' म्हणतो, म्हणजे 'हे घ्या'.

आता रूपांमधला 'ये'. 'त्येनेमोस' ही चूक सगळीकडे दिसते. त्यामागचं कारण समजलं तर ती पुन्हा होत नाही. आघात धातूच्या 'ते'वर पडला की त्याचा 'त्ये' होतो. 'तेनेमोस' आणि 'तेनेइस' मध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून मूळचा 'ते' तसाच राहतो. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' वापरतात आणि त्याचं रूप 'तेनेस' होतं, तेही याच कारणाने. एकटं 'तेंगो' या नियमात बसत नाही. ते बेंगो (मी येतो), पोंगो (मी ठेवतो), साल्गो (मी बाहेर पडतो) यांच्या पंगतीतलं आहे, त्यांच्याबरोबरच पाठ करा. उच्चारात 'त' आपलाच दंत्य ठेवा. इंग्रजीच्या सवयीने 'टेंगो' करू नका.

वय सांगताना इंग्रजीच्या वळणाने 'सोय बेइंते' म्हणतात. बरोबर वाक्य 'तेंगो बेइंते आन्योस', म्हणजे शब्दशः माझ्याकडे वीस वर्षं आहेत. इथे 'आन्योस'मधला 'न्य' जपा. लिहिताना त्या अक्षरावरची नागमोडी रेघ राहिली तर 'आनोस' होतं, आणि त्याचा अर्थ गुदद्वारं.

भूक, तहान, थंडी, भीती, झोप हेही तेनेरनेच सांगतात. आपला 'खूप' भुकेलाही चालतो आणि उंचीलाही, म्हणून 'तेंगो मुय आंब्रे' असं चुकतं. आंब्रे, म्हणजे भूक, हे नाम आहे, तेही स्त्रीलिंगी, म्हणून 'तेंगो मुचा आंब्रे'. 'मुय' विशेषणांसाठी ठेवा.

नकार क्रियापदाच्या आधी येतो: 'नो तेंगो त्येंपो', मला वेळ नाही. आणि 'करावं लागतं' म्हणायचं असेल तर 'तेंगो के' नंतर दुसरं क्रियापद चालवू नका, मूळ रूपातच ठेवा. 'तेंगो के एस्तुद्यो' चूक, 'तेंगो के एस्तुद्यार' (मला अभ्यास करावा लागतो) बरोबर. कर्ता बदलला तरी बदलतं ते फक्त तेनेर: 'तेनेमोस के एस्तुद्यार', 'त्येनेन के एस्तुद्यार'.