पाला, शेकोटी आणि होळी: मुंबईच्या सोसायटीत काय चालतं, काय नाही

फेब्रुवारी-मार्च आला की रेन ट्रीचा पाला नुसता धो धो गळतो, मग सकाळी साडेसहाला मागच्या भिंतीजवळ ढीग लावायचा, काडी टाकायची, झालं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालायचं. धूर थेट दुसऱ्या मजल्यावर, चादरींना वास, आणि ढिगात गुटख्याच्या पुड्या नि थर्माकोल असायचंच.

हे चालत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवलीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा पार बिघडली तेव्हा पालिकेने आपल्या अख्ख्या हद्दीत कचरा जाळायला बंदी घातली, त्यामुळे "आमच्याच कंपाउंडमध्ये जाळतोय ना" असं म्हणून सुटका नाही. वॉचमनकाकांना थंडी वाजते म्हणून पुठ्ठे पेटवतात, त्यांना त्यापेक्षा जाड जॅकेट घेऊन द्या.

मग पाल्याचं करायचं काय? मातीच्या जागेवर साधारण तीन बाय तीन फुटांचा जाळीचा पिंजरा उभा करा. आधी प्लास्टिक वेचा (कंटाळवाणं आहे, पण हे टाळलंत तर खतात पुड्याच निघतात). तीन घमेली पाला, एक घमेलं भाजीची सालं, वर आंबट ताक घातलेलं पाणी शिंपडायचं. मूठ दाबली की हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी खालीवर करा. रेन ट्रीची पानं बारीक असल्याने लवकर कुजतात, आंबा-फणसाची मात्र आधी चुरून घ्या नायतर तशीच राहतात. तीन-चार महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात वर ताडपत्री टाका.

होळीचं वेगळं. होळी करा, पण छोटी. गोवऱ्या आणि वाळकी लाकडंच, टायर-प्लास्टिक अजिबात नको. विनापरवाना झाड तोडलं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली एका झाडामागे १,००० ते ५,००० दंड आणि आठवडा ते वर्षभर कैदही होऊ शकते. कोणी तोडताना दिसलं तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनला फोन करा. जागा निवडताना गॅसचा पाइप, वायरी, पार्किंग सगळ्यापासून लांब, खाली वाळूचा थर म्हणजे पेव्हर ब्लॉक तडकत नाहीत, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. आग आवरेनाशी झाली तर थेट १०१.

राख मात्र दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच उचला. आम्ही घाईत प्लास्टिकच्या डब्यात भरली आणि डब्याचा तळच गेला.