येशूला मानणाऱ्या मराठी घरात वल्हांडणाचं जेवण कसं मांडावं आणि पुढचे सण कसे धरावेत

सुरुवात ताटापासून नको, बायबलमधल्या लेवीयाच्या २३व्या अध्यायापासून करा. घरातली सगळी माणसं बसली की मोठ्याने वाचा. शब्बाथानंतर, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसानंतर, तिथे सात सण ओळीने येतात: वल्हांडण (मिसरातल्या गुलामीतून सुटकेचा सण), बेखमीर भाकरी, प्रथमपिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. येशूला मशीहा मानणारे यहुदी असं धरतात की पहिले चार त्याच्या पहिल्या येण्यात पुरे झाले: कोकरा म्हणून त्याचं मरण, मग कबर, पहिलं पीक म्हणून पुनरुत्थान आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा. सातव्या महिन्यातले तीन त्याच्या परत येण्याकडे बोट दाखवतात. मी यहुदी नाही, नगरकडच्या ख्रिस्ती घरातली आहे, पण माझाही हाच विश्वास आहे.

बाकीचा यहुदी समाज हे मानत नाही. ही गोष्ट मुलांना पहिल्याच वर्षी सांगा. माझा एक नियम आहे, आमच्या घरगुती प्रार्थनेत येणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते: प्रत्येक सणाला आधी इस्राएल तो कशासाठी पाळतो ते सांगायचं, मग आपण त्यात येशूला कुठे पाहतो ते. मिसर देशातली गुलामी ऐकलीच नाही, तर कोकऱ्याच्या रक्ताने सुटका झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे मुलांना कळणार कसं?

तारीख काढताना भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर अर्धाच भरवसा ठेवा. वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि बहुतेक वेळा ती चैत्री पौर्णिमाच असते. इब्री पंचांगात आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना १९ वर्षांत ७ वेळा घालतात, पण दोन्हीकडची वर्षं जुळतीलच असं नाही. २०२१ साली वल्हांडण होळीच्या पौर्णिमेला आला होता. म्हणून महिना इब्री पंचांगातूनच घ्या. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हेही लक्षात ठेवा. २०२६ चं जेवण १ एप्रिलच्या संध्याकाळचं आणि २०२७ चं २१ एप्रिलच्या.

आदल्या रात्री खमीर शोधायचं. यहुदी घरांत दिवे मालवून मेणबत्ती घेऊन कोपरे तपासतात. कपाटाच्या कडेला, फ्रिजमागे पावाचे चार तुकडे आपणच ठेवावेत आणि पोरांना शोधायला लावावेत. पाव, टोस्ट, बिस्किटं, यीस्टची पुडी, सगळं बाहेर काढा. इडलीच्या पिठाचं काय, असं हमखास विचारतात. यहुदी नियमात खमीर म्हणजे गहू, जव अशा ठरलेल्या पाच धान्यांचं. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी, त्यांच्या घरांत या सणात भात चालतो. तरी मी आठवडाभर आंबवलेलं काहीच करत नाही, मुलांना तेवढंच सरळ समजतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा ५वा अध्याय याच रात्री वाचा. पौल जुनं खमीर काढायला सांगतो आणि ख्रिस्ताला आपला वल्हांडण म्हणतो. मग ज्याच्याशी अबोला आहे त्याला त्याच रात्री फोन करा, नाहीतर ती साफसफाई नुसती स्वयंपाकघरापुरती राहते.

बेखमीर भाकरी घरी होते. कणीक आणि थंड पाणी, मीठ-तेल काही नाही. पाणी पडल्यापासून १८ मिनिटांत भाकरी भाजून खाली उतरली पाहिजे, म्हणून तवा आधी तापवून ठेवा आणि लाटायला दोघी बसा. पातळ लाटून काट्याने भोकं पाडा, फुगू देऊ नका. धार्मिक यहुदी घराला ही भाकरी चालणार नाही, कारण तिथे पिठाला आधी पाणी लागू नये म्हणून पिठापासूनच राखण असते. आपल्याला स्मरणासाठी पुरते. १८७४ साली पुण्यात बेने इस्राएलांनी इब्रीसोबत मराठी भाषांतर असलेली हग्गादा, म्हणजे या रात्रीची विधीची पोथी, छापली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका हीच भाकरी करताना दिसतात. या रात्रीची प्रार्थना मराठीत करायला आपण पहिले नाही.

ताटात पुढचं मांडा: खाटकाकडून आणलेली मटणाची नळी, आचेवर भाजून. ती खायची नाही. इ.स. ७० मध्ये यरुशलेमेतलं मंदिर पडलं आणि कोकऱ्याचा यज्ञ थांबला, त्याची ती खूण. उकडून किंचित भाजलेलं अंडं. कोथिंबिरीच्या काड्या आणि वाटीत मिठाचं पाणी, गुलामीतल्या आसवांसाठी. कडू भाजी म्हणून मी कारल्याच्या कच्च्या चकत्या ठेवते. खजूर, अक्रोड, दालचिनी वाटून केलेला घट्ट गोळा विटांच्या गाऱ्याची आठवण देतो. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून गाळा. बेने इस्राएल घरांतली ही जुनी रीत आहे आणि मुलंही पिऊ शकतात.

रात्रीचा क्रम चार प्याल्यांवर चालतो. निर्गम ६ मध्ये देव चार वचनं देतो: बाहेर काढीन, सोडवीन, उद्धारीन, आपली प्रजा करून घेईन. पहिल्या प्याल्यानंतर कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवा. घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, आजची रात्र वेगळी का? तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याने निर्गम १२ सांगावं. वाचू नये, सांगावं. दहा पीडांना प्याल्यातून दहा थेंब ताटलीत टाकतात, कारण मिसरी माणसंही मेली आणि आपला आनंद तेवढा कमी. हा थेंबांचा भाग मला फार प्रिय आहे, तो घाईत उरकू नका.

आता तीन भाकऱ्या. मधली मोडून तिचा मोठा तुकडा फडक्यात गुंडाळून लपवतात, जेवणानंतर मुलं तो शोधतात आणि सगळे मिळून खातात. मशीहावादी मंडळी यात मोडलेला, पुरलेला, पुन्हा सापडलेला येशू पाहतात. मीही पाहते. पण शेवटच्या भोजनाच्या रात्री हे असंच झालं, असं सांगू नका. आजचा विधी मंदिर पडल्यानंतर आकाराला आला आणि तुकडा लपवण्याची चाल त्याहूनही पुढची. भाकरीवरच्या भोकांचंही तसंच. यशया ५३ आठवणं योग्य, पण यहुदी भोकं पाडतात ती भाकरी फुगू नये म्हणून. खरं आहे तेवढंच सांगितलं तरी पुष्कळ आहे: कोकऱ्याचं हाड मोडू नये असं निर्गम १२ म्हणतं आणि योहान १९ मध्ये येशूचं हाड मोडलं जात नाही.

जेवण साधं ठेवा. त्यानंतरचा तिसरा प्याला उद्धाराचा. लूक २२ मध्ये येशू भोजनानंतर प्याला घेऊन नव्या कराराबद्दल बोलतो, ते इथे वाचा आणि थोडा वेळ कुणी बोलू नका. मग एलीया संदेष्ट्यासाठी दार उघडा, ११५ ते ११८ ही स्तोत्रं म्हणा, चौथा प्याला घ्या.

प्रथमपिकाची पेंढी जवाची असे. ती शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी ओवाळायची. हा शब्बाथ कोणता, यावर मंदिराच्या काळापासून वाद आहे. आम्ही रविवार धरतो, कारण येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला आणि पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. तिथून रोज रात्री एक दिवस मोजा. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे सप्ताहांच्या सणाला, रूथचं पुस्तक आणि प्रेषितांची कृत्ये २ वाचा. या सणात मंदिरात खमीर घातलेल्या दोन भाकरी आणत. यहुदी आणि इतर राष्ट्रं, दोघं जसे आहेत तसे देवापुढे, असा अर्थ आम्ही लावतो.

कर्ण्यांच्या दिवशी शोफार, म्हणजे फुंकायचं मेंढ्याचं शिंग, नसेल तर नुसतं १ थेस्सलनीकाकरांस ४ वाचा. तिथून दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत उपास करतात, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी करू नये. लेवीय १६ आणि इब्री ९ एकापाठोपाठ वाचा, आणि जखऱ्या १२ वाचून इस्राएलासाठी प्रार्थना करा. क्षमा मिळालेली असताना उपास कशाला, असं कुणी विचारलं तर मी सांगते की हा उपास त्यांच्यासोबत बसण्याचा आहे.

मांडवासाठी गच्चीची परवानगी सोसायटीकडून आधी घ्या. चार बांबू, वर नारळाच्या झावळ्या, छपरातून तारे दिसतील इतक्या विरळ. प्लास्टिक नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे परतीचा पाऊस असतो. छप्पर गळू लागलं तर ताटं उचलून घरात या, यहुदी नियमही भर पावसात मांडवात बसायला लावत नाही. सात दिवसांत एक तरी जेवण तिथे करा आणि शेजाऱ्यांना बोलवा, कारण जखऱ्या १४ मध्ये हा सण पाळायला सगळी राष्ट्रं यरुशलेमेत येतात. शेवटच्या दिवशी योहान ७ वाचा. या सणात शिलोह तळ्याचं पाणी आणून वेदीवर ओतत, आणि त्याच गर्दीत उभा राहून येशू तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावतो.