बंदी विरुद्ध शिपाई: कारागृहातल्या फुटबॉल सामन्याची तयारी

संघ जमवण्याआधी मैदान टेपने मोजून घ्या. मध्यवर्ती कारागृहात मोकळी जागा भरपूर दिसते, पण पाण्याची टाकी, बराकींपुढचे ओटे आणि तटाच्या भिंतीलगतचा गस्तीचा पट्टा वजा केला की ५५ बाय ३५ मीटर मिळाले तरी पुष्कळ. एवढ्यात सात-सात जणांचा सामना नीट बसतो. अकरा-अकराचा हट्ट असेल तर लांबी किमान ९० मीटर लागते. गोलाच्या पाठीशी बाहेरची भिंत येऊ देऊ नका. बारवरून गेलेला चेंडू भिंतीपलीकडे पडला तर तो झडतीशिवाय आत येत नाही, आणि भिंतीवरून काहीही पडले की टॉवरवरच्या माणसाला ते गंभीरपणेच घ्यावे लागते. मुरमाची जमीन असेल तर आठवडाभर आधीपासून रोज खडे वेचा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा. रेषा खडूच्या फक्कीनेच आखा. चुना वापरू नका. तो डोळ्यात गेला तर इजा होते, शिवाय मूठभर चुना कोणाच्या हाती लागणे तुरुंगात परवडत नाही.

चेंडू सहा घ्या, पाच नंबरचे, मोल्डेड. शिवणीचा चेंडू मुरमावर महिन्यात उसवतो, आणि उसवलेला चेंडू आत काहीतरी भरून पुन्हा शिवता येतो. प्रत्येकावर मार्करने १ ते ६ आकडे घाला आणि कोठारातल्या काट्यावर वजन करून रजिस्टरला लिहा. नियमाप्रमाणे ते ४१० ते ४५० ग्रॅम असते. सरावानंतर चेंडू परत घेताना पुन्हा वजन करा. चिखल पुसूनही तीस-चाळीस ग्रॅम जास्त भरले तर तो चेंडू बाजूला काढा. हवा दरवाजाबाहेर, कार्यालयातच भरा, म्हणजे पंपाची सुई आत जाण्याचा प्रश्नच येत नाही. जाळी आणि गोलाचे पाइप सराव संपताच काढून कुलपात ठेवा. दोर आणि लांब पाइप रात्रभर भिंतीच्या आवारात राहिले तर दुसऱ्या दिवशी परवानगीच रद्द होईल, आणि ते रास्तच आहे.

सात जणांच्या संघासाठी अठरा नावे घ्या. ही संख्या जास्त वाटते, पण आठ आठवड्यांत कोणाची कोर्टाची तारीख येते, कोणाला जामीन होतो, कोणी पॅरोल-फर्लोवर जातो, कोणाची दुसऱ्या कारागृहात रवानगी होते. सामन्याच्या दिवशी बारा उरले तरी समाधान माना. कच्चे (खटला चालू असलेले) आणि पक्के (शिक्षा झालेले) दोन्ही बंदी घ्या, एकाच टोळीचे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक नावापुढे वैद्यकीय अधिकाऱ्याची सही हवी. दमा, क्षयाचा औषधोपचार, जुने फ्रॅक्चर लपवले जाते, कारण नाव कटेल अशी भीती असते. म्हणून तपासणीआधीच सांगून टाका की न खेळणाऱ्यालाही लाइनमन, गुणलेखक, समालोचक अशी कामे आहेत. कोल्हापुरात कळंबा कारागृहात हे करणार असाल तर आणखी एक सांभाळा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा या तिथल्या फुटबॉल संघांची ईर्ष्या बराकीत येताना गेटवर ठेवता येत नाही. पेठेप्रमाणे गट पडू देऊ नका. फायदाही तिथेच आहे: चेंडू पायात खेळलेली माणसे सहज मिळतात आणि केएसएकडून (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) पंच मागता येतो.

पंच बाहेरचाच हवा. सुभेदाराने, म्हणजे तुरुंगाच्याच माणसाने, शिट्टी घेतली तर बंदी तिला पंचाची शिट्टी मानणार नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. अधीक्षकांच्या सहीचा एक पानभर कागद करा: मैदानातला फाऊल मैदानातच संपेल, पिवळे-लाल कार्ड पंच देईल, त्याची नोंद शिक्षेच्या रजिस्टरमध्ये जाणार नाही, हात उचलला तर मात्र दोन्ही बाजूंना सारखी कारवाई. हा कागद मराठीत आणि हिंदीत प्रत्येक बराकीत वाचून दाखवा. तो नसला की काय होते ते पहिल्या दहा मिनिटांत दिसते. शिपाई चेंडू घेऊन आला की बचावातला बंदी पाय घालत नाही, अर्धे पाऊल मागे सरकतो आणि नजर खाली घेतो. चार गोल होतात आणि प्रेक्षकांतला आवाज बंद होतो. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांनी मकाना फुटबॉल असोसिएशन चालवली ती फिफाच्या नियमांवर, लेखी घटना आणि शिस्त समिती ठेवून. २००७ मध्ये फिफाने तिला मानद सदस्यत्व दिले. तिथे सामने कैद्यांचे आपापसांतले होते. समोर पहारेकरी असेल तर लेखी कागद त्याहून जास्त लागतो.

कर्मचाऱ्यांच्या संघालाही तेवढेच सराव द्या, वेगळ्या वेळी. खेळणारा शिपाई त्या दिवशी बंदोबस्तात मोजू नका. किल्ल्या, काठी, पट्टा जमा करूनच त्याने आत उतरावे. ज्याने एखाद्या खेळाडूवर अलीकडे शिस्तीचा अहवाल दिला आहे, त्याला या सामन्यात उतरवू नका.

आठवड्यातून तीनदा, तासभर सराव पुरतो. पहिले दोन आठवडे चेंडू कमीच द्या: चालणे, हळू धावणे, घोट्याचे व्यायाम. वर्षानुवर्षे बराकीत बसलेल्या माणसाचा दम लवकर परत येतो, घोटा आणि मांडीची मागची शीर येत नाही. घाई केली की तिसऱ्या आठवड्यात निम्मा संघ लंगडतो. मग दोन आठवडे पास आणि चेंडू अडवणे, पुढे सात-सातचे डाव. सहाव्या आठवड्यात एकदा बंदी आणि शिपाई मिसळून दोन संघ पाडा. शेवटच्या आठवड्यात हलके ठेवा.

बूट सर्वांना सारखे, रबरी तळव्याचे कॅनव्हास, स्टड नकोत. नाड्या मोजून द्या, मोजून घ्या. जर्सी खाकी किंवा पांढरी नको, कारण त्या रंगांनी कोण कुठला ते लगेच कळते. भगवा, हिरवा, निळाही टाळा. पिवळा आणि मरून घ्या, पाठीवर फक्त आकडा.

सामना दिवाळीनंतर ठेवा, सकाळी साडेसातला. दुपारी बराकी बंद होतात, संध्याकाळी बंद्यांच्या गिनतीची घाई असते. साडेसहाला पोहे आणि केळे, पंचवीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा मिनिटे. चाळीस लिटर पाणी, ओआरएस, दहा किलो बर्फ. मुका मार बर्फानेच शेका; स्प्रेचा डबा पेट घेतो, तो आत नको. पाय मोडला तर जिल्हा रुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड लागतो. त्याचे पत्र आठवडाभर आधी पोलीस मुख्यालयाला द्या, नाहीतर जखमी माणूस तासन्‌तास गेटवर पडून राहील. फोटो हवे असतील तर लेखी संमती घ्या; कच्च्या बंद्यांचे चेहरे देऊच नका. बक्षीस दोन्ही संघांना एकाच प्रकारचे द्या, आणि शिक्षेत माफी मिळेल असे चुकूनही बोलू नका.

शेवटची शिट्टी झाली की दोन्ही संघांनी एका पंगतीत शिरा खावा. त्यानंतर सहा चेंडू, दोन जाळ्या, नाड्या, जर्सी मोजून सही घ्या. पुढचे तीन दिवस हरलेल्या बाजूच्या बराकीत आणि ड्युटीच्या खोलीत कोण कोणाला डिवचतो यावर लक्ष ठेवा. सामना झाला तरी पुढचा सराव ठरल्या वेळी घ्या. तो चुकला तर पुढच्या यादीला अठरा नावे मिळणार नाहीत.