रेडिओ किट जोडताय? गोव्यात या चुका टाळा

लाकडी पेटी, गोल डायल, आत मीडियम वेव्हचं ट्रान्झिस्टर किट. सगळं जोडून झालं, सेल घातले, आणि नुसती खरखर. अशा वेळी हात आधी जातो तो रंगीत टोप्यांच्या आयएफटींकडे, म्हणजे सिग्नल गाळून वाढवणाऱ्या छोट्या डबीबंद कॉइलांकडे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. त्या 455 किलोहर्ट्झच्या आसपास जुळवूनच येतात. न बोलणाऱ्या सेटमध्ये त्या फिरवल्या की मूळ दोष तसाच राहतो आणि असलेली जुळणीही जाते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने तर आतला गाभा तडकतो. प्लॅस्टिकची किंवा बांबूची तासलेली काडी घ्या, तीही शेवटी.

किटवर संशय घेण्याआधी चालत्या रेडिओवर आकाशवाणीचं पणजी केंद्र 1287 किलोहर्ट्झवर लागतं का ते ऐका. प्रक्षेपणच बंद असेल तर तुमचा सेट काय लावणार? आणि 105.4 मेगाहर्ट्झचं एफएम रेनबो या किटवर कधीच येणार नाही, ते वेगळं सर्किट.

आता खरे दोष. फेराइट रॉड म्हणजे सेटच्या आतला अँटेना असलेली काळी कांडी; तिच्यावरच्या कॉइलची तार म्हणजे केसासारख्या अनेक तारांचा पीळ, प्रत्येकीवर इनॅमल. त्यातल्या दोन-तीनच सोल्डर झाल्या तर रेडिओ चालतो, पण क्षीण. टोक हलक्या हाताने खरवडून, पूर्ण कथील चढवूनच जोडा. दुसरं, ट्रान्झिस्टरचे पाय. चपटी बाजू समोर धरली तर बीसी547 चे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. 9018 चे नेमके उलटे. बीएफ494 मध्ये तर मधला पायच एमिटर. एकाच्या जागी दुसरा घालताना डेटाशीट बघितल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न उचलू नका.

खरखर आहे पण एकही केंद्र नाही, म्हणजे बहुधा ऑसिलेटर बंद, म्हणजे केंद्रापेक्षा 455 किलोहर्ट्झने वरची लहर सेटमध्येच तयार करणारा भाग. याची तपासणी मला फार आवडते, कारण मीटर लागत नाही. आपला डायल 700 च्या आसपास ठेवा, शेजारी दुसरा रेडिओ 1155 वर लावा (700 अधिक 455) आणि आपली गँग (डायलमागचा फिरता कंडेन्सर) हळूहळू फिरवा. ऑसिलेटर चालू असेल तर दुसऱ्या रेडिओत एका जागी खरखर दबते किंवा शीळ येते. काहीच झालं नाही तर लाल टोपीची ऑसिलेटर कॉइल चुकून एखाद्या आयएफटीच्या जागी तर बसली नाही ना, ते बघा.

सेट बोलू लागला की मग जुळणी. सिग्नल जनरेटर नसला तरी अडत नाही. डायलच्या खालच्या टोकासाठी धारवाड 765, वरच्यासाठी पणजी 1287. धारवाडवर लाल कॉइलचा गाभा फिरवून काटा जागेवर आणा आणि रॉडवरची कॉइल सरकवून आवाज वाढवा. पणजीवर फक्त गँगचे ट्रिमर, म्हणजे तिच्यावरचे जुळणीचे छोटे स्क्रू. खाली गाभा, वर ट्रिमर. यात उलटापालट केली की एक टोक जुळताना दुसरं सुटतं. दोन्ही टोकांना आलटून पालटून काही फेऱ्या कराव्याच लागतात.

दिशा विसरू नका. रॉडच्या टोकाच्या दिशेने येणारं केंद्र जवळजवळ ऐकूच येत नाही. धारवाड पणजीच्या सरळ पूर्वेला, म्हणून रॉड उत्तर-दक्षिण धरा. रत्नागिरी उत्तरेला, त्यासाठी पूर्व-पश्चिम. पेटीत स्पीकरचं चुंबक किंवा धातूची जाळी रॉडला खेटली की जुळणी सरकते, म्हणून शेवटचा हात सगळं पेटीत बसवल्यावरच फिरवावा.

एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांची घरघर किटच्या माथी मारू नका. वीज गेली की पाच मिनिटं ऐका, किटचं खरं रूप तेव्हा कळतं. पावसाळ्यातला कडकडाट मात्र विजेचाच, त्यावर इलाज नाही.

आपल्याकडची खारी, दमट हवा वेगळीच परीक्षा घेते. सोल्डरिंगनंतर बोर्डवर राहिलेला फ्लक्स (राळेसारखा चिकट थर) ओल धरतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने तो काढा. नळाच्या कामाची अ‍ॅसिडवाली पेस्ट इथे अजिबात नको, महिन्याभरात पाय हिरवे पडतात. काळवंडलेले पाय ब्लेडने घासूनच सोल्डर करा, ड्राय सोल्डर, म्हणजे वरून ठीक दिसणारा पण आत न धरलेला सांधा, बहुतेक तिथेच होतो. आणि सेट महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.