टक्का घसरला की आधी पोरं मोजा

धुळ्यातून डिग्री घेऊन मी सामाजिक योजनांच्या डेटाचा सल्लागार झालो, त्याला आता काही वर्षं झाली. तुम्हालाही या कामात यायचं असेल, तर एक्सेल, पायथन, क्यूजीआयएस ही आकडे आणि नकाशे हाताळायची साधनं येत असतीलच. नसतील तर दोन-तीन महिन्यांत येतील, त्याची काळजी करू नका. काळजी करायची ती एकाच गोष्टीची, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती.

नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या केंद्र सरकारच्या यादीत आहे. त्यामुळे इथे दर महिन्याला आकडे मागितले जातात आणि डॅशबोर्ड लागतात. माझं पहिलं काम अंगणवाड्यांच्या वजन-उंचीच्या नोंदींचं होतं. दिवाळीनंतर बारीक मुलांचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचा, टक्का झपकन खाली आला. कुपोषण घटलं समजून मी हिरवा नकाशा केला आणि बैठकीत अभिमानाने दाखवला. मागच्या रांगेतल्या एक सेविकाताई उठून म्हणाल्या, "भाऊ, पोरे ऊस तोडाले गयात ना!"

ती चूक आजही छातीत रुतते. नीट समजून घ्या. समजा, पाड्यावर १०० मुलं मोजली आणि २० बारीक निघाली, म्हणजे २० टक्के. दिवाळीनंतर ३० मुलं आईबापांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली. जी घरं सगळ्यांत अडचणीत, तीच आधी जातात, म्हणून त्या ३० मध्ये १२ बारीक होती. मागे उरली ७०, त्यांत बारीक ८. टक्का आला सुमारे ११! एकाही लेकराचं वजन वाढलं नाही, पण कागदावर कुपोषण निम्म्याच्या जवळ आलं. तुमच्या नकाशावर विश्वास ठेवून कुणी आहाराचा निधी दुसरीकडे वळवला, तर ते पाप तुमच्या माथी येतं.

म्हणून टक्क्याशेजारी नोंदवलेली किती आणि प्रत्यक्ष मोजलेली किती, हे दोन आकडे नेहमी छापा. जमलं तर तीच मुलं दोन्ही महिन्यांत जुळवून पाहा. गैरहजर मुलाचा रकाना रिकामाच ठेवा, तिथे शून्य भरू नका.

जुळवाजुळव नावावरून करू नका. एका यादीत अक्राणी असतं, दुसरीत धडगाव, आणि तालुका एकच. गावाचा सरकारी कोड घ्या.

प्रमाणपत्रांच्या मागे धावणाऱ्यांचा मला राग येतो. पुण्या-मुंबईचा मार्गदर्शक मिळाला तर चांगलंच, पण माझा खरा गुरू अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका बाई. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजतात, त्यावरच्याला उभं करून, आणि दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण, मग थांबायचं नाही, हे त्यांनी हातात टेप देऊन शिकवलं. वजनाच्या दिवशी एकदा तरी पाड्यावर जाच.

पैशांचं स्पष्ट सांगतो. बिलं अडकतात, मार्चअखेरीस सगळे धावतात, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर नोकरी सोडू नका. पण घाबरूही नका. जिल्ह्याची बोली आणि जिल्ह्याचे हंगाम ओळखणारा माणूस इथे कमीच मिळतो, तुमची गरज आहे.

होळीला सातपुड्यातली बरीच कुटुंबं घरी येतात. तेव्हा टक्का वर चढेल आणि योजना फसली असं कुणी म्हणेल. त्या बैठकीला जाताना सेविकाताईंची हजेरीवही बरोबर घ्या.